क्लच पेडल खालीच बसतंय, गिअर पडत नाही? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी हे सगळं बघून घ्या

क्लच दाबला की पेडल खालीच चिकटतं, किंवा वर येतं पण रिव्हर्स टाकताना कर्रकन आवाज येतो, असं झालं की आजूबाजूचे सगळे एकच सांगतात, क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवा. उतरवू नका इतक्यात. हायड्रॉलिक क्लच (पेडलचा जोर केबलऐवजी ऑइलमधून पोचतो तो) असेल तर अशा तक्रारीत बऱ्याचदा प्लेट ठणठणीत असते आणि दोष ऑइलच्या लाईनमध्ये असतो, आणि तो शोधायला साधे पाने, टॉर्च आणि पेडल दाबायला एक माणूस एवढंच लागतं.

आधी एक फरक डोक्यात पक्का करा कारण इथेच लोकांचे पैसे वाया जातात. अ‍ॅक्सिलरेटर दिला की इंजिनचा आवाज वाढतो, आरपीएम चढतात पण गाडी वेग घेत नाही, चढावर जास्तच जाणवतं, याला म्हणायचं क्लच स्लिप होणं, म्हणजे प्लेट नीट पकडत नाहीये. याच्या बरोबर उलट म्हणजे क्लच सुटत नसणं, पेडल पूर्ण दाबलं तरी प्लेट इंजिनपासून वेगळी होत नाही. हे ओळखायचं सोपं आहे, इंजिन बंद असताना सगळे गिअर आरामात पडतात आणि इंजिन चालू केलं की पहिला आणि रिव्हर्स अडतो किंवा आवाज करतो. असं होत असेल तर हायड्रॉलिककडे आधी बघायचं.

यंत्रणा तशी साधी आहे. पेडलच्या मागे मास्टर सिलेंडर असतो, तो ऑइल ढकलतो, पाईप आणि रबरी होजमधून ते गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलेंडरला जातं, स्लेव्हचा रॉड फोर्क (तरफ) ढकलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला, आणि ते प्लेटला दाबून धरणारी प्रेशर प्लेट मागे घेऊन प्लेट मोकळी करतं. काही गाड्यांत स्लेव्ह बाहेर नसतोच, तो बेअरिंगसकट बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या खोक्याच्या) आत असतो, आपल्या गाडीत कुठे आहे ते आधी बघून ठेवा कारण पुढचं अर्धं काम त्यावर ठरतं. ऑइलची टाकी पण कधी वेगळी असते आणि कधी ब्रेकच्याच टाकीतून एक नळी क्लचला येते.

पहिलं काम टाकी बघणं. लेव्हल खाली असेल तर ऑइल कुठेतरी गळतंयच, ते उडून जात नाही, त्यामुळे नुसतं भरून पुढे जाऊ नका. (ब्रेकची टाकी एकच असेल तर ब्रेक पॅड झिजूनही लेव्हल थोडी उतरते, ते ध्यानात घ्या.) ऑइल काळपट आणि गढूळ झालं असेल तर आतले रबर झिजतायत असं समजा.

आता गळती. ड्रायव्हरच्या बाजूचं मॅट उचला आणि पेडलच्या वर जिथे पुशरॉड (पेडलपासून मास्टरमध्ये जाणारा दांडा) इंजिनकडच्या भिंतीत शिरतो तिथे टॉर्च मारा, रॉडवर बोट फिरवा. बोटाला ओल लागली किंवा पेडलच्या दांड्यावरून ओघळ आलेला दिसला तर मास्टरचा मागचा सील गेलाय. मग गाडीखाली, पण नुसत्या जॅकवर कधीच नाही, स्टँड लावा, चाकांना अडण लावा. बाहेरच्या स्लेव्हचं रबरी बूट हळूच मागे सरकवा, आत थोडा दमटपणा चालेल पण थेंब पडला तर स्लेव्ह संपला. आणि बेल हाउसिंगच्या खालच्या भोकातून काही ठिबकत असेल तर त्याचा वास आणि चिकटपणा बघा, इंजिन ऑइल असेल तर तो क्रँकचा मागचा सील, गिअर ऑइलला उग्र वास असतो, आणि पातळ ब्रेक ऑइल निघालं आणि स्लेव्ह आत असेल तर मात्र गिअरबॉक्स उतरवण्याशिवाय इलाज नाही.

गळती कुठेच नाही? मग पेडलला बोलतं करा. भराभर चार-पाच वेळा पंप केल्यावर पेडल कडक होतंय आणि गिअर नीट पडतोय, थोडा वेळ थांबलं की पुन्हा मऊ, तर बहुतेक लाईनमध्ये हवा धरलीय. पेडल कडक आहे पण दाबून धरल्यावर हळूहळू पकड येते, म्हणजे सपाट मोकळ्या जागेत पहिल्या गिअरवर क्लच दाबून उभी गाडी काही सेकंदांनी पुढे सरकायला लागते (उजवा पाय ब्रेकवर तयार ठेवा), तर मास्टरच्या आत ऑइल रबरी वायसरला (सीलला) चुकवून मागे जातंय, बाहेर एक थेंबही दिसत नाही आणि म्हणूनच हा दोष सगळ्यात जास्त सुटतो. तिसरं, कोणालातरी पेडल दाबायला सांगून रबरी होज हातात धरा, ती फुगताना जाणवली तर ती बदला. त्याच वेळी स्लेव्हचा रॉड किती सरकतो ते पण बघा, मॅन्युअलमधल्या आकड्याएवढा सरकतोय तरी क्लच सुटत नाही, तेव्हाच फोर्क, बेअरिंग, प्रेशर प्लेटवर संशय घ्यायचा.

एक उलटी केस पण सांगतो. क्लच स्लिप होतोय आणि प्लेट नवीन आहे, तर ब्लीडर निपल (स्लेव्हवरचा हवा काढायचा छोटा स्क्रू) अर्धा आटा सैल करून बघा. पेडल न दाबता ऑइल जोरात उडालं आणि स्लिप थांबली तर लाईनमध्ये प्रेशर अडकून राहतंय. पुशरॉड जास्त लांब सेट झालाय म्हणून मास्टरचं परतीचं भोक उघडत नाही, किंवा होज आतून बंद झालीय. कोणतं ते कळायला पुढच्या वेळी मास्टरजवळचा जॉइंट सैल करायचा, तिथे सोडल्यावर सुटलं तर मास्टर किंवा पुशरॉड, नाही सुटलं तर होज. म्हणून पेडलला थोडा फ्री प्ले (जोर लागायच्या आधीची मोकळी हालचाल) असायलाच हवा.

दुरुस्तीत माझं स्पष्ट मत, सिलेंडरच्या आतल्या भिंतीवर नख फिरवा, नख कुठे अडलं किंवा गंजाचे खड्डे दिसले तर रबर किट टाकू नका, नव्या सीललाही तीच भिंत खाणार, अख्खा सिलेंडर बदला. भिंत गुळगुळीत असेल तरच किट. स्लेव्ह काढून ठेवलेला असताना पेडल कोणी दाबू नये, पिस्टन उडून बाहेर येतो. स्लेव्ह आतला असेल आणि गिअरबॉक्स उतरलाच असेल तर प्लेट आणि प्रेशर प्लेट पण बघूनच घ्या, जुनी असेल तर त्याच वेळी बदला.

ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच, बहुतेक ठिकाणी डॉट 3 किंवा डॉट 4 (ब्रेक ऑइलचे प्रकार). काही गाड्यांना मिनरल ऑइल लागतं, पण डॉटच्या सिस्टिममध्ये मिनरल किंवा इंजिन ऑइल गेलं की सगळी रबरं फुगतात. सीलबंद नवा डबा वापरा कारण हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, रंग खातं, आणि डोळे सांभाळा.

एअर काढायला ब्लीडरला पारदर्शक नळी लावा, दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. वरचा माणूस पेडल हळू दाबून धरणार, तुम्ही निपल उघडणार, पेडल खाली गेलं की निपल बंद, आणि बंद झाल्यावरच पेडल सोडायचं, हा क्रम चुकला की हवा परत आत. पेडल आपोआप वर येत नसेल तर हाताने ओढा. टाकी मध्ये मध्ये भरत राहा, रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून. बुडबुडे संपेपर्यंत करायचं. तरीही पेडल मऊच राहिलं तर उलटं करा, टाकीतलं थोडं ऑइल काढून जागा करा आणि मोठ्या सिरिंजने स्लेव्हच्या निपलमधून नवं ऑइल हळूहळू वर ढकला, हवा तशीही वरच जायला बघते त्यामुळे अडून बसलेले बुडबुडे निघतात. नवा मास्टर बसवताना तो गाडीत लावायच्या आधीच ऑइल भरून त्यातली हवा काढली तर पुढचा त्रास खूप वाचतो.

झाल्यावर इंजिन चालू, क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबून रिव्हर्स टाका, आवाज न करता पडला पाहिजे. टाकी ब्रेकशी एकच असेल तर रस्त्यावर जायच्या आधी उभ्या गाडीत ब्रेक पेडल कडक आहे का बघा आणि मग हळू वेगात एकदा ब्रेक मारून घ्या. पुढचे काही दिवस सकाळी टाकीची लेव्हल आणि गाडीखालची जमीन बघत जा, उतरत असेल तर सुटलेली गळती अजून आहे, परत मॅट उचलण्यापासून सुरुवात करा.