होळीच्या आधी ग्रिलमधल्या कुंड्या, आणि सगळ्यात आधी मुंग्या

शिवरात्र झाली की मुंबईत थंडी नावालाच उरते, दुपारी ग्रिलला हात लावला तर चटका बसतो, आणि नेमका तेव्हाच जास्वंदीच्या शेंड्यावर पांढरा कापूस, म्हणजे पिठ्या ढेकूण नावाची कीड, दिसायला लागतो. तो दिसल्यावर धावपळ करून उपयोग नाही, तयारी फेब्रुवारीतच करायची. नीम तेल, स्प्रेची बाटली, जुना टूथब्रश, कात्री, पिवळे चिकट सापळे हे सगळं तुमच्याकडे असेलच, नसेल तर आणा, त्यावर लिहीत बसत नाही.

मी लिहितेय ते मुंग्यांसाठी. गेल्या वर्षी बाकी सगळं होतं, फक्त मुंग्यांकडे ढुंकून पाहिलं नव्हतं आणि जास्वंद मुळापासून काढून टाकावी लागली. मावा (कोवळ्या शेंड्यांवरची बारीक कीड) काय किंवा पिठ्या ढेकूण काय, झाडाचा रस पिऊन गोड चिकटा सोडतात, मुंग्यांना तो हवा असतो, मग त्या किडीची राखणच करतात, किडीला खाणारा लेडीबर्ड आला की त्याला चावून हाकलतात, काही जातीच्या तर किडीची पिल्लं उचलून नव्या शेंड्यावर नेऊन ठेवतात. म्हणजे तुम्ही शनिवारी फवारणार आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. बाल्कनीतल्या टाइल्स पायाला चिकट लागल्या किंवा पानांवर काजळी धरली तर समजा हे सगळं वर सुरू झालेलं आहे.

तर पहिलं काम, चहाचा कप घेऊन कुंड्यांसमोर बसा आणि मुंग्या कुठून येतात ते बघा. एसीच्या पाइपचं भोक, खिडकीच्या चौकटीची फट, पावसाच्या पाण्याचा पाइप, यांपैकीच काहीतरी असतं. मग पूल तोडा. कढीपत्त्याची फांदी ग्रिलला टेकलेली, मनीप्लांटची वेल दोरीवर चढलेली, वाळत घातलेला टॉवेल कुंडीवर लोंबणारा, हे सगळे मुंग्यांचे रस्ते आहेत, एकही ठेवू नका. स्टँड असेल तर त्याच्या पायांना ग्रीस फासा. पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवणार असाल तर पाण्यात साबणाचे थेंब टाका आणि आठवड्यातून एकदा वाट्या पूर्ण कोरड्या करा, नाहीतर त्यात डास होतील आणि पालिकेचा माणूस तपासणीला आला की नोटीस हातात. कुंडी थेट ग्रिलवर असेल तर खोडाला चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर व्हॅसलीन लावा, सालीवर थेट नको. शिवाय अर्धा लिटर साखरेच्या पाण्यात छोटा चमचा बोरिक पावडर विरघळवून त्यात भिजवलेला कापूस त्यांच्या वाटेवर ठेवा, लहान मुलं आणि मांजरं पोचणार नाहीत अशा जागी. मुंग्या लगेच मरत नाहीत म्हणून पावडर वाढवू नका, हळू मरायला हव्यात, तरच ते वारुळापर्यंत जातं. मुंग्या मारायच्या खडूने रेघा ओढून फक्त दिसणाऱ्या मरतात. आणि हे सगळं फवारणीच्या आधी. आधी!

दुसरं, कोण मित्र आहे ते ओळखायला शिका, कारण आपण त्यांनाच चिरडतो. लेडीबर्डची अळी काळी, लांबट, नारिंगी ठिपक्यांची असते, छोट्या मगरीसारखी, ती दिसायला भयंकर पण मावा खाते. पानावर केसासारख्या बारीक देठावर टांगलेले पांढरे ठिपके म्हणजे बुरशी नाही, क्रायसोपा नावाच्या, मावा खाणाऱ्या किड्याची अंडी आहेत. सगळ्यात फसवा तो क्रिप्टोलेमस, म्हणजे पिठ्या ढेकूण खाणारा भुंगा, त्याची अळी हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी पांढरी, पण मोठी, लांब झिरमिळ्यांची, आणि हात लावला तर चटचट चालायला लागते. हा भुंगा १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियाहून कॉफीवरच्या किडीसाठी भारतात आणला होता. किड्याने कीड जाते यावर विश्वास नसेल तर पपईचं बघा, २००८ मध्ये कोइम्बतूरला पपईवरचा पिठ्या ढेकूण सापडला, पुढे आपल्याकडेही पसरला, औषधांना दाद देईना, मग २०१० मध्ये पोर्टो रिकोहून असेरोफॅगस नावाची एवढीशी परोपजीवी माशी आणून सोडली तेव्हा कुठे आटोक्यात आला. अशा माश्यांना फुलं लागतात, म्हणून एखादी कोथिंबीर, एखादा शेपू तोडू नका, फुलोऱ्यावर जाऊ द्या. एका कुंडीत चवळी टाका, काळा मावा आधी तिच्यावर जातो, तिथेच राहू दे. पण त्या चवळीवरही मुंग्या चढू द्यायच्या नाहीत, नाहीतर मित्र येऊन परत जातील.

मिरचीची पानं वाटीसारखी वर वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी (जाळी विणणारा घरातला कोळी नाही, पानाचा रस पिणारी अगदी बारीक कीड). फुलकिड्यांना निळे सापळे, पांढऱ्या माशीला पिवळे. कोळ्याला पाण्यात मिसळणारं गंधक, पण कडक उन्हात नको आणि नीम तेल मारलं असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या, नाहीतर पानं करपतात. कढीपत्त्यावर किंवा लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असेल तर ती फुलपाखराची आहे, चार पानं खाईल, खाऊ दे.

फवारणी एक लिटर पाण्यात पाच मिली नीम तेल, आधी साबणाशी घोटून मग पाणी, संध्याकाळी, पानांच्या खालून. सकाळी मधमाश्या असतात तेव्हा नाही. अंडी मरत नाहीत म्हणून आठवड्याने परत. कपडे धुण्याची पावडर वापरू नका, प्लीज.

युरिया आणि शेणखताचा मारा आत्ता नको, कोवळी पालवी म्हणजे माव्याला आमंत्रण. छाटलेल्या फांद्या पिशवीत गाठ मारून टाका, कोपऱ्यात रचू नका. राणीच्या बागेतल्या प्रदर्शनातून किंवा कुठूनही नवीन झाड आणलं तर दोन आठवडे वेगळं ठेवा, कुंडीच्या खालचं भोकही बघा, तिथून मुंग्या निघाल्या तर मातीसकट बदला.

एप्रिलमध्ये फक्त पाणी आणि जमलं तर हिरवी नेट. मेमध्ये गावाला जाणार असाल तर शेजारच्या काकूंना पाणी घालायला सांगताना ग्रीस परत कधी लावायचं तेही सांगून जा.