तालिकेत एकाच नावाचे दहा लेखक: नेमका माणूस कसा शोधायचा

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एखाद्या वाचनालयाच्या संगणकावर, म्हणजे तिथल्या पुस्तकांच्या तालिकेत, लेखकाच्या रकान्यात नुसतं ‘पाटील’ टाकून पाहा. पानंच्या पानं नोंदी येतील. ‘म्हात्रे’, ‘कुलकर्णी’ यांचीही तीच गत. म्हणून संगणकाला हात लावण्याआधी नावाखेरीज काय ठाऊक आहे ते कागदावर उतरवा: वडिलांचं किंवा पतीचं नाव, लेखनाचा साधारण काळ, विषय, एखादा प्रकाशक, गाव. यातल्या निदान दोन गोष्टींचं उत्तर हवं.

मग साधी शोधपेटी सोडून ‘प्रगत शोध’ उघडा. लेखकात आडनाव, विषयात एक शब्द आणि प्रकाशनवर्षाला पुढेमागे दहा वर्षांची मर्यादा. एवढ्यानेच बरीच गर्दी हटते. त्या माणसाचं चरित्र किंवा गौरवग्रंथ मात्र लेखकाच्या रकान्यात सापडत नाही. त्यासाठी तेच नाव ‘विषय’मध्ये टाकावं लागतं.

खरी डोकेदुखी आद्याक्षरांची. मराठी समीक्षेत वा. ल., गो. म., द. भि. आणि व. दि. असे चार कुलकर्णी आहेत. विषयही तोच, काळही बराचसा एकमेकांत शिरलेला. इथे विषयाची चाळणी काही कामाची नाही. त्यात एका नोंदीत ‘वा.ल.’ जोडून, दुसरीत ‘वा. ल.’ जागा सोडून, तिसरीत ‘वामन लक्ष्मण’. बऱ्याच प्रणाली जोडून लिहिलेलं ‘वा.ल.’ एकच शब्द धरतात, म्हणून तिन्ही रूपं वेगवेगळी शोधा. ‘कुळकर्णी’ही पाहा. परदेशी तालिकांत रोमन लिपीत ‘कुल’नंतर जादा ‘ए’ असतो (Kulakarni), त्यामुळे आपल्या नेहमीच्या स्पेलिंगने काहीच न सापडणं सहज शक्य आहे.

टोपणनावांचा घोटाळा उलट्या बाजूने होतो. ठाण्याचे नगराध्यक्ष राहिलेले गीतकार पी. सावळाराम मूळचे निवृत्ती रावजी पाटील. पाटलांच्या यादीत त्यांचं नाव नाही म्हणून त्यांचं पुस्तकच नाही, असं समजू नका. लेखिकांच्या बाबतीत माहेरचं आणि सासरचं नाव दोन्ही शोधा: बाळुताई खरे, मालती बेडेकर आणि विभावरी शिरूरकर ही एकाच व्यक्तीची तीन नावं. जुन्या पुस्तकांसाठी शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ हाताशी ठेवा. तिचे दोन भाग मिळून १८०० ते १९५० हा काळ येतो.

एवढं करूनही दोन जण उरले, तर संगणक बंद करून पुस्तक मागवा. मुखपृष्ठापेक्षा आतलं शीर्षकपान, त्याची मागची बाजू, प्रस्तावनेखालचं गाव-तारीख आणि ‘लेखकाची इतर पुस्तके’ ही यादी जास्त बोलते. यादीतलं एक जरी पुस्तक तुमच्या माणसाचं निघालं, तर गाठ पक्की. वर्षावर मात्र डोळे मिटून विसंबू नका. तालिकेत पुष्कळदा पुनर्मुद्रणाचं साल असतं, त्यामुळे १९१० साली लिहिणारा माणूस १९९५चा दिसू लागतो. जुन्या छापील सालावर ‘शके’ असेल तर ७८ मिळवा: शके १८३० म्हणजे साधारण इसवी सन १९०८. हे विसरलं की लेखक ७८ वर्षांनी मागे जातो आणि दोघांचा एक किंवा एकाचे दोन होतात.

नोंदींचे तीन गठ्ठे करा: नक्की आपला, नक्की नाही, आणि पुरावा नाही. तिसरा गठ्ठा लहान करण्याच्या हौसेने ‘बहुतेक तोच असावा’ म्हणून पुस्तकं पहिल्यात टाकली जातात आणि मग ती चूक पुढच्या प्रत्येक सूचीत उतरत जाते.

तालिकेतच दोघे एका नावाखाली मिसळलेले दिसले, तर ग्रंथपालांना तोंडी सांगून सोडू नका. पुस्तकाचा दाखल क्रमांक (वाचनालयाने त्या प्रतीला दिलेला), शीर्षकपानाची झेरॉक्स आणि दोघांपैकी कोण ते ठरवणारा एक पुरावा लिहून द्या. दाखल क्रमांकाशिवाय नेमकी कुठली प्रत, हे त्यांनाही शोधत बसावं लागतं.