व्हॉल्यूमची खरखर: पॉट बदलण्याआधी या चुका टाळा

जुन्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरचा व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते, मधेच एक बाजू गायब होते, नॉब किंचित हलवला की परत येते. ‘पॉट’ म्हणजे नॉबमागचा पोटेन्शिओमीटर: आतल्या कार्बनच्या पट्टीवर काटा सरकवून तो आवाज कमी-जास्त करतो. ‘पॉट गेला’ असं ठरवून तो उपटून काढणं ही पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. जुन्या पॉटचा दांडा, पायांची जागा, लाउडनेससाठीचा जादा पाय, या सगळ्याशी जुळणारा नवा पॉट शोधताना जीव मेटाकुटीला येतो. म्हणून आधी आहे तो वाचवायचा.

त्याआधी दोष खरंच पॉटचाच आहे का, ते बघा. नॉबला हात न लावता आवाज जात-येत असेल, तर टेप मॉनिटरचं बटण आणि सिलेक्टर (कुठून आलेला आवाज ऐकायचा ते निवडणारा स्विच) दहा-वीसदा पुढेमागे करा. वर्षानुवर्षं न हललेल्या या स्विचांवर काळा थर साचतो आणि बोल लागतो तो पॉटला. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी आवाज बंद होत नसेल, तर पॉटच्या ग्राउंडच्या पायाचं सोल्डर बहुधा सुटलेलं असतं. तिथे नवा पॉट नको, सोल्डरिंग आयर्न टेकवलं की काम होतं.

स्प्रेच्या बाबतीत मात्र मी आग्रही आहे. गंज सोडवणारा घरगुती स्प्रे, शिलाई मशीनचं तेल, पेट्रोल, यातलं काहीही आत जाऊ देऊ नका. तेलकट थरावर धूळ बसते आणि काही महिन्यांत खरखर दुपटीने परतते. पॉटसाठीचा, किंचित वंगण मागे ठेवणारा कॉन्टॅक्ट क्लीनरच घ्या. पुढून दांड्याच्या फटीत मारलेला स्प्रे कार्बनच्या पट्टीपर्यंत पोचत नाही, उलट दांड्याचं ग्रीस धुऊन नेतो आणि नॉब सैल फिरू लागतो. मागे पायांजवळ फट असते, तिथे नळी लावून छोटा फवारा द्या. स्टिरिओ पॉटला दोन खण असतात, दोन्हीकडे द्या. मग पंचवीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. हे सगळं प्लग काढून, मोठे कंडेन्सर (वीज साठवणारे भाग) रिकामे झाल्याचं मल्टिमीटरने बघूनच करायचं. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) ॲम्प्लिफायरमध्ये आत शेकडो व्होल्ट असतात; तो जाणत्या मेकॅनिककडेच न्या.

एका ॲम्प्लिफायरचा पॉट मी दोनदा धुतला, तरी चौथ्या दिवशी एका बाजूची खरखर परत आली. कारण पॉटच्या आधीच्या कंडेन्सरमध्ये होतं. त्याने फक्त संगीताचा सिग्नल पुढे सोडायचा आणि डीसी (एकाच दिशेचा विद्युतप्रवाह) अडवायचा. तो गळू लागला की पट्टीवर डीसी येतो आणि सरकता काटा प्रत्येक ठिकाणी तडतडतो. नॉबच्या पूर्ण फेरीत सारखीच खरखर असेल तर हा संशय आधी घ्या. गाणं बंद, ॲम्प्लिफायर चालू, मीटर डीसी मिलिव्होल्टवर. पॉटचा प्रत्येक पाय ग्राउंडशी मोजा. एक-दोन मिलिव्होल्ट चालतात. एका बाजूला दहा-वीसच्या पुढे दिसले, तर त्या बाजूचा कंडेन्सर बदला, अधिक-उणे टोकं नीट बघून. मोजताना मेन्सच्या तारांपासून हात लांब ठेवा.

पट्टी खरंच झिजली असेल तर नवा पॉट घ्याच, पण लॉगच्या (आधी हळू, मग झपाट्याने वाढणाऱ्या पॉटच्या) जागी लिनियर (सारख्या गतीने वाढणारा) नको. लिनियर लावला की पहिल्या पाव फेरीतच घर दणाणतं आणि रात्री हळू ऐकणं अवघड होतं. पॉटवरच्या ए किंवा बी अक्षरावर विसंबू नका, काही जुन्या युरोपीय पॉटवर त्यांचा अर्थ उलटा असतो. दुकानातच नॉब मधोमध ठेवून, ग्राउंडच्या पायापासून मधल्या पायापर्यंत मोजा. १०० के (किलोओहम) चा लिनियर ५० के च्या आसपास दाखवेल, लॉग साधारण १० ते १५ के. दोन्ही खण मोजा, आणि त्यांच्यात फार फरक असेल तर दुसरा नग मागा.