वकिली सोडून लीगल टेकमध्ये प्रोजेक्ट मॅनेजर व्हायचंय? आधी सनदेचं बघा

सहा वर्षं पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात काढली, आता तीन वर्षं झाली लीगल टेकमध्ये, म्हणजे कायद्याच्या कामासाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, कॉन्ट्रॅक्टच्या सॉफ्टवेअरचे प्रोजेक्ट बघतेय, आणि महिन्यातून एक-दोन ज्युनिअर तरी विचारतातच की मॅडम, कोडिंग शिकायला लागेल का. नाही लागत. बाकी बरंच काही लागतं, ते सांगते.

पहिलं म्हणजे सनद, आपला वकिलीचा परवाना. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली करता येत नाही, बार कौन्सिल ऑफ इंडियाचा ४९ नंबरचा नियम आहे, आणि नोकरी धरल्याचं आपल्या बार कौन्सिलला (आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोवा) कळवायचं असतं. घाबरू नका, सनद रद्द होत नाही, प्रॅक्टिस तेवढी थांबते आणि पुढेमागे अर्ज करून परत सुरू करता येते. पण 'शनिवारी एखादं मॅटर चालवीन की' हे डोक्यातून काढा. हातातली मॅटर दुसऱ्या वकिलाकडे द्यायची, त्याला एनओसी, पक्षकाराला कागद परत आणि पुढची तारीख लेखी, हे सगळं ऑफर लेटरवर सही करायच्या आधी सुरू करा. मला चार महिने लागले, त्यात एक आजी तर रोज फोन करून रडायच्या.

मग कुठे जायचं. ड्राफ्टिंग केलेल्यांना कॉन्ट्रॅक्ट मॅनेजमेंट बरं पडतं, म्हणजे कंपनीचे करार बनवण्यापासून रिन्यूअलपर्यंत एका सिस्टीममध्ये आणणं, पुण्यात आयसर्टिससारखी कंपनी हेच करते. दुसरं ई-डिस्कव्हरी, यात काम बहुतेक अमेरिकेतल्या खटल्यांचं, हजारो ईमेल गोळा करून, डुप्लिकेट काढून, रिव्ह्यू करून समोरच्या पार्टीला द्यायचे. तिसरं कोर्टांचं डिजिटायझेशन, सरकारच्या ई-कोर्ट्स योजनेच्या तिसऱ्या टप्प्याला २०२३ मध्ये ७,२१० कोटींची मंजुरी मिळाली, पण तिथे सरकारी फाईलच्या वेगाने जगायची तयारी हवी. कोर्टातनं थेट येणाऱ्याने पहिल्या दोनातलं एक धरावं असं माझं मत. आणि पहिल्याच दिवशी प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून कोणी घेत नाही, इम्प्लिमेंटेशन कन्सल्टंट किंवा लीगल अ‍ॅनालिस्ट म्हणून शिरायचं आणि वर्ष-दीड वर्षात सरकायचं.

आता मी कुठे आपटले ते ऐका. पहिल्या प्रोजेक्टला क्लायंटच्या गरजा लिहून द्यायच्या होत्या, मी चौदा पानं लिहिली, 'उपरोक्त'पासून 'तथापि'पर्यंत सगळं घालून. डेव्हलपरने शांतपणे विचारलं, यात नक्की बनवायचं काय आहे? तेव्हा लक्षात आलं की मी वादपत्र, म्हणजे दाव्याची अख्खी कहाणी लिहिलीय, लिहायचे होते वादमुद्दे, म्हणजे कोर्टाने ठरवायचे नेमके प्रश्न. एका ओळीत एक गोष्ट, आणि तिचं उत्तर हो किंवा नाही असंच येईल अशी. 'खरेदी विभागातल्या माणसाला करार संपायच्या ६० दिवस आधी ईमेल गेला पाहिजे.' बस. याला ते यूझर स्टोरी म्हणतात.

दुसरी खोड मोडायला जास्त वेळ लागला. आपल्याला उलटतपासणीची सवय, उत्तर आपल्याला माहीत असतं आणि साक्षीदाराच्या तोंडून ते फक्त वदवून घ्यायचं असतं. इथे क्लायंटशी बोलताना सरतपासणी करायची, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला मोकळं बोलू देतो तसं, उत्तर सुचवणारे सूचक प्रश्न बंद. 'तुम्हाला अ‍ॅप्रूव्हल फास्ट हवंय ना?' असं विचारलं की तो हो म्हणणारच, त्याऐवजी 'मागच्या आठवड्यातला एक करार कुणाच्या टेबलावर कसा फिरला ते सांगा' म्हणा आणि गप्प बसा. त्यात कळतं की सगळं एका मॅनेजरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर अडतंय.

आणि पुरसिस विसरू नका! पुरावा संपला की कोर्टाला तसं लेखी कळवणारी पुरसिस देतो तसं इथे यूएटी झाली, म्हणजे वापरणाऱ्या लोकांनीच सिस्टीम चालवून बघितली, की लेखी साइन-ऑफ घ्यायचा. तोंडी 'चांगलं आहे' वर पुढे गेलात की दोन महिन्यांनी तोच माणूस म्हणतो हे आम्ही मागितलंच नव्हतं. मधेच नवीन मागणी आली तर दुरुस्ती अर्जासारखी वेगळी नोंदवा, वेळ आणि खर्च किती वाढतो ते लिहून.

गणित मात्र कच्चं नको. समजा ४०,००० डॉक्युमेंट रिव्ह्यूला आहेत, एक माणूस तासाला ५० बघतो, म्हणजे ८०० तास, दहा जण रोज आठ तास बसले तर दहा दिवस, आणि तपासणीचे दोन दिवस वेगळे. हे मिटिंगमध्ये बसल्या बसल्या सांगता आलं पाहिजे. एक्सेलचं पिव्होट टेबल येत नसेल तर सगळं सोडून ते आधी शिका.

सर्टिफिकेटच्या मागे फार लागू नका. पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या सर्टिफिकेटला पदवीधरांना ३६ महिने प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव लागतो, तो सुरुवातीला नसतोच, त्याऐवजी नवख्यांसाठीचं कॅपम आहे, त्याला २३ तासांचा कोर्स पुरतो. ई-डिस्कव्हरीत जायचं असेल तर रिलेटिव्हिटी हे सॉफ्टवेअर शिका. हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलचा जणू अंगठ्याचा ठसा, काय असते तेही समजून घ्या, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या सर्टिफिकेटमध्ये ती लिहावी लागते, त्यामुळे हे कोर्टातल्यांनाही आता टळत नाही. जालन्याच्या निवडणुकीवरून सुरू झालेलं खोतकर-गोरंट्याल प्रकरण, २०२० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, जुन्या पुरावा कायद्यातल्या याच विषयाच्या कलम ६५ ब वरचा, तो वाचला असेल तर निम्मं काम झालंय.

दाखवायला काहीतरी हवं म्हणून एक करा. लिव्ह अँड लायसन्सचं, म्हणजे घरभाड्याच्या कराराचं, ऑनलाइन रजिस्ट्रेशन घ्या आणि एका पानावर त्याचा नकाशा काढा, मसुदा, स्टॅम्प ड्युटी, घरमालक-भाडेकरूचं आधारवरचं बायोमेट्रिक, दुय्यम निबंधकाकडची तपासणी, प्रत्येक टप्प्यावर कोण थांबतं आणि का. घरमालक आजोबांचा अंगठाच उमटत नाही, मग काय करायचं? तो फाटा दाखवलात तर समोरचा खुर्चीत सरसावून बसतो.

इंटरव्ह्यूत 'वकिली का सोडताय' विचारलं की कोर्टाला शिव्या घालू नका, सिनिअरला तर नाहीच. एका वेळी किती मॅटर सांभाळलीत, एका दिवशी तीन कोर्टांत पुकारा आला तर काय केलंत, ते सांगा. आणि शिफ्ट विचारून घ्या, अमेरिकेच्या पूर्वेकडचा क्लायंट असेल तर त्याचा सकाळी दहाचा कॉल आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला येतो, नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की तोच साडेआठला, आणि घरी जेवायची वेळ काय ते आधीच ठरवून ठेवा.