अवकाळीच्या आधी मोगऱ्याचा बुंधा मोकळा करा

छाटणी उरकली म्हणून निर्धास्त राहू नका. फेब्रुवारी-मार्चात आपल्याकडं अवकाळी येतो, कधी गाराही पडतात. गारांनी कोवळा फुटवा झोडपला तरी झाड पुन्हा फुटतं. बुंध्याशी पाणी साचलं तर मात्र मोगरा मुळासकट जातो.

उद्या सकाळीच बुंध्याजवळची माती बोटानं उकरा. साल नखानं खरवडा. आतून हिरवट दिसली तर ठीक. साल बुळबुळीत असेल, पांढरे धागे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले, तर मूळकूज लागली. कॉपर ऑक्सिक्लोराइड 25 ग्रॅम 10 लिटर पाण्यात कालवून बुंध्याशी ओता. झाड पार सुकलं असेल तर मातीसकट उपटून वावराबाहेर न्या.

बरडातले, म्हणजे खडकाळ हलक्या जमिनीतले, गोटे वेचून आपण धुऱ्यावर (बांधावर) फेकतो, मोगऱ्याला तेच लागतात. काळ्या जमिनीत वीतभर उंच वाफा करा, मातीत मुरूम आणि शेणखत मिसळा, वर मुठीएवढे गोटे पसरा. गोटे खोडापासून चार बोटं लांब. मुरूम लालच घ्या. चुनखडीच्या मुरमानं पानं पिवळी पडतात. गोट्यांच्या वाफ्यात कळी चार दिवस आधी लागते असं मला वाटतं. हा माझा अंदाज, शिफारस नव्हे.

बाकीची कामं:
- वाळक्या काड्या काढणे
- शेणखत 10 किलो प्रति झाड
- वर्षाला प्रति झाड नत्र 60, स्फुरद 120, पालाश 120 ग्रॅम; निम्मं छाटणीला, निम्मं जून-जुलैत
- लाल कोळी (पानातला रस शोषणारी बारीक कीड): पाण्यात मिसळणारं गंधक 2 ग्रॅम प्रति लिटर

पान पिवळं दिसलं की दुकानदार टॉनिकची बाटली काढतो. मीही एका वर्षी तीन बाटल्या आणल्या, फवारल्या, आणि पावसाळा संपेस्तोवर अर्धी ओळ उपटून फेकली. खाली मुळं कुजत होती, मी वर पानं धूत होतो. कोवळं पान पिवळं पण शिरा हिरव्या, तर लोह कमी आहे. फेरस सल्फेट 5 ग्रॅम प्रति लिटर फवारा, स्वस्तात भागतं. ओल असूनही झाड मान टाकत असेल तर खिशात हात घालू नका, बुंधा उकरा.

उताराच्या बाजूनं चर आजच मोकळा करा. तोंडाशी पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काड्या अडकलेल्या असतात, त्या आधी काढा. आभाळ भरून आलं की मोटार बंद, पाण्याची पाळी तुमची असली तरी.