बोला, आणि मग थांबा

तिसऱ्या महिन्यात लेक बाळाला घेऊन सासरी गेली आणि आठवड्याभरात विहीणबाईंचा फोन आला. "ताई, मेंदू तल्लख व्हावा म्हणून काळ्या-पांढऱ्या चित्रांची कार्डं मिळतात म्हणे. मागवू का?" मी म्हटलं, "काही मागवू नका. त्याला रोज न्हाऊ कोण घालतं, तेवढं सांगा." त्याच घालतात म्हणाल्या. मग त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते. जुन्नर तालुक्यात 26 वर्षं अंगणवाडी सेविका म्हणून घरोघरच्या आयांना हेच सांगत आले आहे.

जन्मलेल्या बाळाच्या मेंदूचं वजन मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पाव असतं. वर्षभरात ते दुप्पट होतं आणि पाच वर्षांचं होईतो मेंदू जवळजवळ नव्वद टक्के वाढलेला असतो. त्यात पेशी एकमेकींशी जोडल्या जातात. ज्या जोडण्या रोज वापरात येतात त्या पक्क्या होतात, बाकीच्या गळून जातात. येण्याजाण्यानं वाट मळते, तसंच. आणि ही वाट मळते ती बाळाला कुणीतरी उत्तर दिल्यानं.

आता न्हाणीघरात चला. टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. पाय पसरून बाळाला पायांवर घेतलं की तेल लावता लावता त्याच्याकडे बघून बोला. "हा कुणाचा हात? आता हा पाय." एवढंच बोला आणि थांबा. मनातल्या मनात सावकाश पाच मोजा. हे पाच मोजणंच बहुतेकींना जमत नाही. आपण बोलतच सुटतो, नाहीतर दुसऱ्या पायाला हात घालतो. थांबलात तर दिसेल: झाडणारे पाय मध्येच थबकतात, नजर तुमच्या तोंडावर खिळते, ओठांचा चंबू होतो, जीभ हलते. चौथ्या-पाचव्या आकड्याला "आं" येतो. तुम्हीही तसाच "आं" म्हणा आणि पुन्हा थांबा. तीन-चार फेऱ्या झाल्या की बाळ मान वळवतं. ते दमलंय. हनुवटी धरून तोंड पुन्हा आपल्याकडे फिरवू नका, मुकाट्यानं पाणी घाला. (आणि तेल नाका-कानात नको. डोकं गोल व्हावं म्हणून दाबणंही नको. यावर मी घराघरात भांडले आहे.)

अगदी तान्हं बाळ असेल तर हेच अंगावर पाजताना करा. त्याला वीस ते तीस सेंटिमीटरवरचं सगळ्यात स्पष्ट दिसतं, म्हणजे पाजताना आईचा चेहरा. कार्डं कशाला हवीत?

हे माझ्या मनचं नाही. जमैकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांमध्ये 1986-87 मध्ये संशोधक सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी 129 खुरटलेल्या मुलांवर अभ्यास सुरू केला. त्यातल्या काही घरी आरोग्य कार्यकर्त्या आठवड्यातून एक तास जायच्या, दोन वर्षं. टाकाऊ डबे-बाटल्यांची खेळणी न्यायच्या आणि बाळाशी कसं खेळायचं, बोलायचं ते आईला दाखवायच्या. वीस वर्षांनी पाहिलं तर त्या मुलांची कमाई, भेटी न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा साधारण पावपट जास्त होती. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला भरून आलं. आम्ही गृहभेटीला जातो तेव्हा दारातूनच "सगळं ठीक आहे" म्हणणाऱ्या घरांत मी तेव्हापासून पाट मागून बसायला लागले.

सातव्या-आठव्या महिन्यात खेळ बदला. बाळाच्या देखत वाटी पंच्याखाली लपवा आणि "वाटी कुठे गेली?" विचारून थांबा. आधी ते नुसतं बघत राहील. पुढे एक दिवस पंचा ओढेल. दिसेनाशी झालेली वस्तू असतेच, हे त्याला कळू लागलंय. हा दिवस बघायला तुम्ही समोर हव्यात.

खाण्याचं थोडक्यात. सहा महिने पूर्ण झाले की वरचं सुरू: घट्ट वरणभात, पालेभाजी, अंडं, वर लिंबू. चहा-बिस्कीट अजिबात नको, चहामुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही आणि लोहाशिवाय मेंदूची वाढ अडते. आशाताई लोहाचं सिरप देतात ते 1 मिली, आठवड्यातून दोनदा, न चुकता द्या. भरवताना मोबाइल नको. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय की पहिल्या वर्षात मोबाइल-टीव्हीचा पडदा बिलकूल नको. काऊचा घास भरवायचा तर पत्र्यावर बसलेला खरा कावळा दाखवा. तो उडाला की बाळ तुमच्याकडे बघतं. तेव्हा बोला.

आणि आता जे सांगते ते मनावर घ्या. आमच्या गावात एक मुलगी होती, गुटगुटीत, हसरी. दीड वर्षाची झाली तरी एक शब्द नाही. घरचे म्हणायचे, हिची आत्याही उशिरा बोलली. मीही दोन महिने ऐकून घेतलं, ते मला आजही टोचतं. मग एक दिवस तिच्या पाठीमागे ताट वाजवलं, तर तिनं वळूनही पाहिलं नाही. तपासणीत कळलं, तिला ऐकूच येत नव्हतं. यंत्र बसलं, ती बोलायला शिकली, पण तोवर दोन वर्षं हातची गेली होती.

म्हणून तिसऱ्या महिन्यापर्यंत बाळ ओळखीचं हसत नसेल, वर्षाचं होऊनही बा-बा, दा-दा करत नसेल, दोन वर्षांचं होऊन दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेलं काही विसरू लागलं असेल, तर कुणाच्या आत्याची गोष्ट ऐकत बसू नका. त्याच आठवड्यात अंगणवाडीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात या, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक फुकट तपासतं. आणि कान तपासून द्या म्हणून तुम्ही स्वतः सांगा.