टोमॅटोतली अंडी: गॅस पेटवायच्या आधी काय काय हाताशी हवं

मागच्या आठवड्यात चौघांसाठी टोमॅटोच्या दाट रश्श्यात अंडी फोडून शिजवायला घेतली आणि आठ अंडी, किलोभर टोमॅटो, सगळं वाया गेलं, म्हणून हे लिहितेय. गॅस पेटवायच्या आधी वाचा, नंतर वाचून उपयोग नाही.

सगळ्यात आधी झाकण शोधा. अंडी नंतर, टोमॅटो नंतर, आधी झाकण. ज्या पसरट पॅनमध्ये करणार त्याच्यावर ते ठेवून बघा, कडेने फट राहते का, आतून जरा खोलगट आहे का. अंड्याला खालून रश्श्याची धग लागते, वरून मात्र फक्त कोंडलेली वाफ. मी अंडी फोडून झाल्यावर झाकण शोधायला लागले, ते मिळेना, मग एक ताट ठेवलं तर ते एका बाजूने आत घसरलं आणि दोन बलक फुटले. ताट काढून गॅस मोठा केला, तर वरचं पांढरं तसंच पातळ लिबलिबीत आणि खालून बलक दगड, रस्सा करपलेला. म्हणून सांगते, झाकण ओट्यावर ठेवल्याशिवाय कांद्याला हात लावू नका.

पॅन स्टीलचा किंवा नॉनस्टिक घ्या. बिडाचा किंवा लोखंडी नको, टोमॅटोच्या आंबटपणाने लोखंड उतरतं आणि चव धातूसारखी लागते.

टोमॅटो पिकलेले, मऊ, लालभडक. थोडे दबलेले स्वस्तात मिळाले तरी चालतील, पण बुरशी किंवा कुबट वास असेल तर सरळ टाका. चौघांना किलोभर लागतातच, कारण टोमॅटोत ९० टक्क्यांच्या वर पाणी असतं, ते आटलं की ढीग कुठे गेला कळत नाही. अंडी माणशी दोन, अर्धा तास आधी फ्रीजबाहेर काढा, गार अंडी टाकली की रस्सा निवतो आणि सगळं रेंगाळतं. कांदे दोन, लसूण, तिखट, जिरं, मीठ हे काय सांगायचं. तेल मात्र चार चमचे, हात आखडू नका.

एक छोटी वाटी. प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडायचं, मग पॅनमध्ये सोडायचं. थेट फोडलं आणि एक नासकं निघालं तर अख्खा पॅन गेला. आणि हो, झाकण काढलंत ना?

आता रस्सा. कांदा लाल होऊ द्या, लसूण, तिखट, मग टोमॅटो आणि मीठ, मिठाने पाणी लवकर सुटतं. मग मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटं आटवत राहा, इथे घाई करणाऱ्यांचा मला राग येतो. कालथा तळातून ओढला की मागे रेघ पडली पाहिजे आणि ती लगेच भरून येता कामा नये, कडेला तेल दिसायला लागलं पाहिजे. पातळ रश्श्यात अंडं फोडलं की पांढरं सगळीकडे धाग्यांसारखं पसरतं, मग ते गोळा होत नाही.

दाट झाला की चमच्याने आळी करा, झाडाला करतो तशी, एकेका आळ्यात एकेक अंडं. आच मंद. आणि लगेच, त्याच क्षणी, झाकण.

पाच ते सात मिनिटं. मधेमधे उघडून बघू नका, दरवेळी वाफ जाते. काचेचं झाकण असेल तर उत्तम. पांढरं साधारण ६२ ते ६५ अंशांना घट्ट व्हायला लागतं, बलक त्याच्या जरा पुढे, म्हणजे दोघांत अंतर फार थोडं. पांढरं दुधासारखं झालं आणि पॅन हलवल्यावर बलक थरथरला की गॅस बंद, उरलेलं काम आतली धग करते. घरात लहान मूल, म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई असेल तर बलक पूर्ण घट्ट होईपर्यंत ठेवा, तिथे चवीचा विचार नको.

मीठ चाखा, कोथिंबीर टाका, पॅनमधूनच वाढा. झाकण उचलताना आपल्यापासून लांबच्या बाजूने उघडा, वाफ हाताला फार जोरात लागते.